व्यापारी की लुटारू? पावती कुणी फाडली ते आधी सांगा

पोस्ट लांब आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका एवढीच विनंती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुतण्याला व्हायकिंग लागले. लागले म्हणजे मोबाईलवरची मालिका. पोरगा दिवसभर मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर. रात्री शेलारला घरी आला की जेवून ओट्यावर पालथा पडायचा आणि कानात वायर घालून दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसायचा. एकदा मी बाहेर पाणी प्यायला आलो तर म्हणाला, "काका, काय माणसं होती राव! होडीतून यायचे, मारायचे, लुटायचे, निघून जायचे. कुणाच्या बापाला भ्यायचे नाहीत."

मी सहज विचारलं, "आणि लुटलेला माल विकायचे कुठे?"

तो थांबला. म्हणाला, "ते अजून दाखवलं नाही."

आठवड्याभराने हाच पोरगा लालबुंद होऊन आला. मोबाईल माझ्या नाकाजवळ धरला. त्यावर इंग्रजीत कान्होजी आंग्र्यांची माहिती होती आणि पहिल्याच ओळीच्या आसपास 'पायरेट' हा शब्द. "चाचा म्हणतायत काका! सरखेलांना! तुम्ही पत्रकार आहात ना, लिहा काहीतरी खणखणीत." मी म्हटलं, "अरे, त्या होडीवाल्यांनी लुटलं तर 'काय माणसं होती', आणि आपल्या माणसाला कुणी लुटारू म्हटलं तर राग?" तो म्हणाला, "तसं नाय काका, आपले लुटारू नव्हतेच."

खणखणीत लिहायचं कबूल केलं होतं, पण वाचत गेलो तसतसं ते थोडं वेगळ्याच वळणाला गेलं. तेच इथे मांडतोय.

आधी त्या उत्तरेकडच्या लोकांबद्दल. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन इकडचे हे दर्यावर्दी. इतिहासात त्यांची मोठी नोंद सुरू होते ती 793 सालापासून, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर त्यांनी धाड घातली तेव्हापासून. मठात सोनं-चांदी होतं आणि राखायला तलवारी नव्हत्या. पण आणखी एक गोष्ट होती, त्या मठातल्या माणसांना लिहिता येत होतं. मार खाणारा लिहिणारा निघाला. त्या काळात युरोपात बातमी लिहिणारं ऑफिस म्हणजे मठच, आणि धाड पडली नेमकी ऑफिसवर. मग बातमी कशी येणार? पुढची कित्येक शतकं त्या लोकांची ओळख तीच राहिली.

आता दुसरी बाजू. डेन्मार्कमध्ये रिबे नावाचं गाव आहे. तिथला बाजार सातशे सालाच्या आसपास सुरू झाला, म्हणजे त्या धाडीच्या सत्तर-ऐंशी-नव्वद वर्षं आधी. मणी, कंगवे, धातूचे दागिने घडवणारे कारागीर तिथे दुकान मांडून बसायचे. पुढे हेडेबी आणि बिरका ही बंदरं वाढली. स्वीडनजवळच्या गॉटलंड बेटावर जमिनीत अरबी चांदीचे दिरहम हजारोंनी सापडले. ती नाणी मध्य आशिया आणि बगदादकडची. कातडी, मेण, मध, तलवारी आणि माणसं विकून ती आलेली. हो, माणसं. इब्न फदलान नावाचा बगदादच्या खलिफाचा दूत 922 साली व्होल्गा नदीकाठी या लोकांना भेटला. त्याने त्यांना व्यापारी म्हणूनच पाहिलं. विकायला काय आणलं होतं, तर सेबल नावाच्या जनावराची कातडी आणि गुलाम मुली. आता सांगा, त्या मुली कुठून आल्या? कुठल्या तरी गावावर धाड पडल्याशिवाय बाजारात मुलगी उभी राहात नाही. म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला जो लुटारू, तोच खालच्या अंगाला तराजू घेऊन बसलेला व्यापारी.

पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. मालिकेत हा भाग तसा ठसठशीत नसावा.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती स्वीडनमधल्या हेल्गो गावातली गोष्ट. 1956 साली तिथे उत्खननात बुद्धाची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. आपल्या उपखंडाच्या वायव्य भागात, काश्मीर-स्वातकडे घडलेली. त्याच गावात आयर्लंडमधल्या एका धर्मगुरूच्या दंडाची मूठ सापडली आणि इजिप्तकडची एक पळीही. आता धर्मगुरू काही आपल्या दंडाची मूठ तोडून विकत नाही, ती बहुधा लुटीतली. बुद्ध हाताहातातून, बाजाराबाजारातून सरकत गेलेला असणार. दोन्ही वस्तू एकाच गावात, कदाचित एकाच प्रकारच्या माणसाच्या घरात. त्यांना त्यात विसंगती वाटली नसावी.

त्यांच्या भाषेत भागीदाराला 'फेलागी' म्हणायचे. पैसे एकत्र घालून जहाज काढणारे. इंग्रजीतला 'फेलो' तिथूनच आला. जहाज व्यापाराला निघो की धाडीला, भागीदार तो भागीदार. आणि समोरच्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. कॉन्स्टँटिनोपलवर याच लोकांनी 860 साली हल्ला केला आणि पुढच्या शतकात तिथल्या बादशहाशी व्यापाराचे करार केले. त्या करारांत अट काय, तर शहरात एकाच दरवाजाने यायचं, हत्यार बाहेर ठेवायचं आणि एका वेळी पन्नासपेक्षा जास्त माणसं आत नाहीत. पुतण्या एकदम हसला. म्हणाला, "काका, आमच्या गोदामाच्या गेटवर पण असंच असतं. ड्रायव्हरला आत, क्लीनरला बाहेर, मोबाईल जमा." मी म्हटलं, बरोबर, विश्वास नाही पण धंदा करायचाय.

इंग्लंडच्या राजाने 991 साली याच लोकांना दहा हजार पौंड चांदी दिली, कशासाठी, तर लुटू नका म्हणून. याला काय म्हणणार? खंडणी? करार? आपल्याकडे चौथ म्हणायचे.

आता घरी येतो.

आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे की मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात आपल्या पाण्यात झाली? शिवाजी महाराजांनी 1657 सालच्या ऑक्टोबरमध्ये कल्याण आणि भिवंडी घेतली. दोनच वर्षांत, 1659च्या ऑगस्टमध्ये, गोव्याच्या पोर्तुगीजांच्या कागदात तक्रार येते की शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण आणि पनवेलला लढाऊ जहाजं बांधतोय, ती बाहेर पडू द्यायची नाहीत. भिवंडीचं नाव चक्क लिहिलेलं आहे. त्या कामावर वसईकडचे पोर्तुगीज कारागीर होते, लेतांव व्हिएगस नावाच्या माणसाच्या हाताखाली. वसईच्या कप्तानाने त्यांना फूस लावली आणि ते काम टाकून पळाले. आमच्याकडे कामगार लूम सोडून दुसऱ्याच्या लूमवर जातो तेव्हा मालक जे बोलतो, तेच तेव्हाही कुणीतरी बोललं असणार. तरीही जहाजं झाली. कोळी, भंडारी, आगरी, जे कोणी या खाडीचं पाणी ओळखत होते, त्यांच्या हातांनी झाली. आज नदीनाक्याच्या पुलावर उभं राहून कामवारीचं पाणी बघितलं तर हे खरं वाटणार नाही. त्या पाण्याच्या रंगावर मी आजवर इतक्या बातम्या केल्यात की आज तो विषय नको.

पोर्तुगीजांना एवढी धास्ती का? कारण समुद्र त्यांचा होता. म्हणजे त्यांनी तो आपला म्हणून जाहीर केला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांनी नियम केला: या समुद्रात जहाज न्यायचं तर आमच्याकडून 'कार्ताझ' घ्या, म्हणजे परवाना. पैसे भरा, आमच्या बंदरात या, आमची जकात द्या. कार्ताझ नसेल तर जहाज आमचं. हजारो वर्षं या किनाऱ्यावर गुजराती, अरब, कोकणी, मलबारी माणूस कुणालाही न विचारता ये-जा करत होता. एके दिवशी तोफा घेऊन कुणीतरी आला आणि पावतीपुस्तक उघडून बसला.

तसं बघायला गेलं तर हा प्रकार आपल्या खाडीला अगदीच नवीन नव्हता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी ही कायदेशीर बाजारपेठ होती, पण आता राज्य बदललं, चुकून एखादं ग्रीक जहाज इथे आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात, असं तो लिहितो. एका राजाची बाजारपेठ ती दुसऱ्या राजाच्या लेखी बंदी घालायची जागा.

महाराजांबद्दल बोलताना आपण फार जपून बोलतो. बोलावंच. पण लपवण्यासारखं काही नाही. 1664च्या जानेवारीत आणि पुन्हा 1670च्या ऑक्टोबरमध्ये सुरत लुटली, हे आपले बखरकारच अभिमानाने लिहितात. वीरजी व्होरासारख्या सावकाराचा वाडा त्यातून सुटला नाही. 1665च्या फेब्रुवारीत 85 लहान आणि 3 मोठी जहाजं घेऊन महाराज स्वतः समुद्रातून बसरूरवर गेले. तीही लूटच. मुघलांशी लढायला पैसा लागत होता, तो मुघलांच्या आणि श्रीमंत बंदरांतून काढला. आणि याच वर्षांत कारवारचे इंग्रज लिहितात की याच राजाच्या बंदरांतून दोन-दोन तीन-तीन व्यापारी जहाजं इराणला, बसऱ्याला, मोख्याला जातात. 1671 साली महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून बजावलं की पोर्तुगीजांच्या बारदेशहून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर आपलं मीठ पडून राहील. मिठाच्या भावाची काळजी करणाऱ्या माणसाला नुसता लुटारू म्हणणं हा मूर्खपणा. आणि सुरतेच्या ज्या सामान्य दुकानदाराचं घर गेलं त्याला हे जकातीचं पत्र दाखवून काही उपयोग नव्हता, हेही खरंच.

मग आले कान्होजी.

सरखेल म्हणजे आरमारप्रमुख. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही ठाणी. 1729च्या जुलैत वारले, तोवर तीसएक वर्षं मुंबईच्या इंग्रजांची झोप त्यांनी उडवली. कसली? तर त्यांनी पोर्तुगीजांचंच पावतीपुस्तक उचललं. फक्त नाव बदललं. कार्ताझच्या जागी दस्तक. माझ्या किनाऱ्यावरून जायचं तर माझा दस्तक घ्या, नाही घेतला तर गुराब आणि गलबतं येतील. आता पोर्तुगीज घेत होते तेव्हा तो कायदा होता. इंग्रजांनी आपले परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा तो व्यापार होता. कोकणातल्या माणसाने तेच केलं तेव्हा चाचेगिरी.

भांडण नेमकं कुठे पेटलं ते बघा, फार मजेशीर आहे. 1713 साली इंग्रज आणि कान्होजींचा तह झाला. कंपनीच्या जहाजांना आंग्रे हात लावणार नाहीत असं ठरलं. लगेच काय झालं? कंपनीच्या मंडळींनी आपलं निशाण इथल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांवर लावायला सुरुवात केली. माल सुरतेच्या शेटचा, झेंडा इंग्रजांचा. कान्होजी म्हणाले, कंपनीचा माल सोडीन, तुमच्या झेंड्याखालचा दुसऱ्याचा माल नाही. आपल्या रस्त्यावर प्रेसचं स्टिकर लावलेल्या गाड्या फिरतात ना? त्यातल्या निम्म्या गाड्यांत पत्रकार सोडून सगळे असतात. तोच प्रकार. पुढे त्यांनी कंपनीच्या एका दलालाचं असं जहाज पकडलं आणि तह मोडला. बून नावाच्या गव्हर्नरने विजयदुर्गावर, खांदेरीवर आरमार पाठवलं. काही हाती लागलं नाही.

1721 साली तर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातून कमोडोर मॅथ्यूज खास आला होता. त्याची मूळ कामगिरी काय, तर हिंदी महासागरातल्या चाच्यांचा बंदोबस्त. कुलाबा पडला नाही. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला, इंग्रज हात हलवत परतले. गंमत पुढे आहे. हा मॅथ्यूज इंग्लंडला परतला तेव्हा त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि बेकायदा व्यापार केल्याबद्दल तो दोषी ठरला. चाचे पकडायला पाठवलेला साहेब स्वतःचं दुकान चालवत होता.

आणि खरे चाचे कोण होते? 1695 साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने औरंगजेबाचं सगळ्यात मोठं जहाज 'गंज-ए-सवाई' लुटलं. मक्केहून हाजी घेऊन परतत होतं. बायकांवर अत्याचार झाले. औरंगजेबाने सुरतेच्या इंग्रजांना कोंडून ठेवलं, कंपनीला भरपाई मोजावी लागली. मुघल दरबारात त्या वर्षी इंग्रज या शब्दाचा अर्थ चाचाच होता. खाफीखान नावाचा इतिहासकार ते सगळं लिहून गेलाय. पण खाफीखान शाळेच्या पुस्तकात नाही, कंपनीचे कागद मात्र जपून, बांधून, छापून ठेवलेत. आपण त्यांच्याच कागदावरून आपला इतिहास लिहितो आणि मग एखादा शब्द खुपला की चिडतो. इंग्रजीतला 'लूट' हा शब्दसुद्धा त्यांनी आपल्याकडूनच उचललाय, हे आणखी एक.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते पत्र. 1724 सालचं. मुंबईचा गव्हर्नर फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रापत्री झाली. कैद्यांची अदलाबदल, तहाचं बोलणं वगैरे. फिप्सने पत्रात लूटमारीवर चालणाऱ्या राज्याबद्दल उपदेश केला होता. त्यावर कान्होजींचं उत्तर इंग्रजी भाषांतरात शिल्लक आहे. मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं होतं की ते रागावून म्हणतील, मी चाचा नाही. तसं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात की दुसऱ्याचं आपल्याला मिळावं ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच तशी आहे, देव स्वतःच्या पदरचं कुणाला काही देत नाही, एकाचं काढून दुसऱ्याला देतो. हे योग्य की अयोग्य ते कोण ठरवणार? आणि आमचं राज्य जुलमावर आणि चाचेगिरीवर चालतं असं व्यापाऱ्यांनी म्हणणं शोभत नाही, महाराजांनी चार बादशाह्यांशी लढून हे राज्य उभं केलं, आमची सुरुवातच तिथून आहे.

तीनशे वर्षांपूर्वी अलिबागला बसून एक माणूस मुंबईच्या गव्हर्नरला सांगतोय की मी काय करतो ते मला माहीत आहे, तू काय करतोस तेही मला माहीत आहे. पुतण्याला वाचून दाखवलं. तो गप्पच झाला. मग म्हणाला, "म्हणजे नाकारलं नाही त्यांनी?" मी म्हटलं, नाही. शब्द ठरवायचा हक्क तेवढा नाकारला.

याला दुसरी बाजू आहे, ती झाकणार नाही. 1712 साली आंग्र्यांच्या माणसांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. त्या लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख मेला आणि त्याची तरुण बायको कैदेत पडली. काही महिन्यांनी, 1713च्या फेब्रुवारीत, 30,000 रुपये घेऊन तिला सोडलं. नवरा डोळ्यांदेखत गेलेल्या त्या बाईला सार्वभौमत्व, दस्तक, कार्ताझ यातलं काही सांगून बघा. तिच्यासाठी ती माणसं कोण होती हे वेगळं लिहायला नको. तसंच दस्तकाचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून गेले? शेटच्या नाही. मालाच्या किमतीवर चढले आणि गिऱ्हाइकाने भरले. दोन-दोन, तीन-तीन परवाने घेऊन फिरणाऱ्या छोट्या मचवेवाल्याने भरले.

तरी मला विचाराल तर मी सांगेन, कान्होजी चाचे नव्हते. ज्याला छत्रपतींनी हुद्दा दिला, ज्याची ठाणी जगाला माहीत होती, जो तह करायचा, परवान्याचा दर ठरवायचा, पत्राला उत्तर द्यायचा, तो माणूस राज्य चालवत होता. एव्हरीला पत्ता नव्हता. ज्याच्या दारात जाऊन भांडता येतं तो चाचा नसतो, माझी मोजपट्टी एवढीच आहे. त्या उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांना हीच मोजपट्टी लावली तर सुरुवातीचे बरेचसे चाचे ठरतील आणि पुढे डब्लिनसारखी शहरं वसवून जकात घेणारे त्यांचेच नातू ठरणार नाहीत. पटत नसेल तर सांगा.

शेवट कसा झाला तेही माहीत असायला हवं. सुवर्णदुर्ग 1755 साली कमोडोर जेम्सने घेतला आणि विजयदुर्ग 1756च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हने. मराठ्यांच्या आरमाराचा कणा मोडायला पेशव्यांनीच इंग्रजांना हाक मारली होती, तुळाजी आंग्रे ऐकत नाही म्हणून. विजयदुर्गात दहा लाखांच्या आसपास ऐवज मिळाला. तो इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसांत वाटून घेतला, पेशव्यांना दमडी दिली नाही. त्याला 'प्राइझ मनी' म्हणतात. लूट नाही म्हणत. लंडनमध्ये शूटर्स हिल भागात एक बुरूज आहे, जेम्सच्या बायकोने त्याच्या आठवणीत 1784 साली बांधलेला. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्गाचा त्यांच्या जिभेवर झालेला अवतार.

इथवर आलात त्यांचे आभार. आता माझ्या घरातलं.

2008 साली मी एका जिल्हा दैनिकाचं इथलं काम बघायचो. पत्रकारितेची पदविका खिशात, उत्साह डोक्यात. एका संध्याकाळी पोलिसांची प्रेसनोट आली. गोदामावर तिघांनी खंडणी मागितली, धमकावलं, गुन्हा दाखल. मी अर्ध्या तासात बातमी पाठवली. मथळा मीच दिला, 'गोदाममालकाला धमकावणारे खंडणीबहाद्दर जेरबंद'. तिघांची नावं, गावं, वयं सगळं छापलं.

त्यातला एक आमच्या शेलारचाच. हमाल. चार दिवसांनी त्याचा बाप घरी आला. ओरडला नाही. ओट्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "भाऊ, पोरगा वाराई मागायला गेलता. खंडणी नाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रकमधला माल उतरवायचे जे पैसे ड्रायव्हर किंवा मालक हमालांना देतो ती वाराई. ती कुणी द्यायची, किती द्यायची, बाहेरच्या टोळीने उतरवली तर गावच्या हमालाचा हक्क काय, यावरून आपल्या पट्ट्यात रोज भांडणं होतात. 1969 सालचा माथाडी कायदा आहे. पण कायदा असतो आणि गेट असतं. गेटच्या आतल्याच्या लेखी ती खंडणी, बाहेर उन्हात उभ्या असलेल्याच्या लेखी मजुरी. काही जण वाराईच्या नावाखाली खरोखरची खंडणी मागतात, हेही मी पाहिलंय आणि त्यांच्यावर लिहिलंय. पण त्या दिवशी मी गेटवर गेलो नव्हतो. बाहेरच्या माणसाला एक फोन केला नव्हता. प्रेसनोटमधला शब्द उचलला, त्याला 'बहाद्दर' माझ्या पदरचं जोडलं.

मुंबईच्या वखारीतल्या कारकुनाने 'पायरेट' लिहिलं तेव्हा तो तरी नोकरीला कंपनीच्या होता. मी तर गावचा.

चार वर्षांनी कोर्टाने तिघांनाही सोडलं. तोवर मी ते दैनिक सोडलं होतं. नव्या माणसाला सांगितलं, त्याने जागा नाही म्हणून टाकून दिलं. मीही पुन्हा विचारलं नाही. त्या पोराला, आता चाळिशीच्या आसपास आहे, गावात अजून टोपणनाव काय आहे ते शेलारच्या लोकांना सांगायला नको. त्याच्या मुलाला शाळेतसुद्धा तेच नाव चिकटलं. गेल्या महिन्यात टपरीवर कुणीतरी त्याच नावाने हाक मारली आणि तो वळला. सवयीने वळला. मी शेजारीच चहा पीत होतो.

पुतण्याला मी हे कधी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. त्याचं म्हणणं, "काका, मग आधी हे लिहा. सरखेलांचं नंतर लिहा." दोन्ही एकत्रच लिहिलंय.

नाव लिहीत नाही, त्याच्याशी बोललो, त्याला नको आहे. पण ज्यांनी 2008 सालची ती बातमी वाचली होती त्यांच्यासाठी: त्या प्रकरणातल्या तिघांनाही 2012 साली न्यायालयाने आरोपांतून मुक्त केलं. ते वाराई मागायला गेले होते. बातमीतला 'खंडणीबहाद्दर' हा शब्द माझा होता.